गाडीचा डोळा आणि ट्रॉलीचा रिफ्लेक्टर



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. तोड कधी, टोळी कुणाच्या प्लॉटात, काट्यावर रांग किती. आता त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. वडगाव, मिणचे, भादोले, घुणकी या बाजूचे सभासद आम्हाला विचारतात, "पोरानं विजेची मोटार घेतली. झ्याक पळतीया. पण हंगाम लागल्यापासनं पडद्यावर सारखं येतंय की कॅमेरा झाकला हाय. नव्या गाडीत बिघाड कसला?"

दहांपैकी आठ-नऊ वेळा बिघाड नसतो, माती असते. आणि ही माती दुसरीकडून आलेली नसते. आपल्याच फडातून, आपल्याच ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून ती डांबरावर आलेली असते. तरीही प्रश्न क्षुल्लक नाही. गाडीचा कॅमेरा झाकला गेला तर ज्या कामासाठी तो बसवला आहे ते काम बंद पडते, आणि ते काम म्हणजे पुढे काही आडवे आले तर गाडी थांबवणे. रात्री आठ वाजता वाठार फाट्यापासून वडगावकडे येताना पुढे काय आडवे येते, हे आम्ही सांगायला नको. उसाची ट्रॉली.

म्हणून या अंकात या विषयाला थोडी जास्त जागा दिली आहे. ज्यांच्याकडे अशी मोटार नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे. ट्रॉली तर बहुतेकांकडे आहे.

हा डोळा असतो कुठे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या दोन मोटारी दाखवल्या. त्या आपल्या पुणे जिल्ह्यात चाकणला तयार होतात. जानेवारी २०२५ मध्ये ह्युंदाईची विजेवरची क्रेटा आली, जूनमध्ये टाटांची हॅरियर आली, आणि १५ जुलै २०२५ रोजी टेस्ला या अमेरिकन कंपनीने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले दालन उघडले. या गाड्यांत, काहींच्या फक्त वरच्या किमतीच्या मॉडेलांत, चालकाला मदत करणारी यंत्रणा असते. शोरूमवाले तिला 'एडास' म्हणतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे, पट्टा सोडून गाडी सरकू लागली तर सावध करणे, धडक होईल असे वाटले तर आपण होऊन ब्रेक दाबणे ही तिची कामे. डिझेल-पेट्रोलच्या गाड्यांतही ती आली आहे, पण विजेच्या गाड्यांबरोबर ती आपल्या गावात जास्त शिरली.

ही यंत्रणा बघते दोन तऱ्हांनी. एक कॅमेरा, दुसरे रडार. मुख्य कॅमेरा पुढच्या काचेच्या आत, वरच्या बाजूला, मधल्या आरशाच्या मागे काळ्या पेटीत असतो. बाहेरून पाहिले तर काचेवरच्या काळ्या भागात एक छोटी स्वच्छ खिडकी दिसते, तोच गाडीचा डोळा. रडार पुढच्या बंपरच्या किंवा जाळीच्या मागे लपलेले असते आणि रेडिओ लहरी सोडून परत आलेल्या लहरींवरून पुढच्या वस्तूचे अंतर मोजते. महिंद्रा, टाटा, ह्युंदाई यांच्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार असे दोन्ही आहे. टेस्लाने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने रडार काढून टाकले आणि सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर ठेवली. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना कॅमेरे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. गाडी मागे घेताना पडद्यावर चित्र दाखवणारे, आरशाखालचे आणि डिकीवरचे कॅमेरे आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत फक्त पार्किंगसाठी असतात. ते मळले तर चित्र धुरकट दिसते, एवढेच. ब्रेक मारणारा कॅमेरा काचेमागचा. पुष्कळ जण डिकीवरचा कॅमेरा घासून घासून चकचकीत करतात आणि संदेश जात नाही म्हणून चिडतात. संदेश कुठल्या कॅमेऱ्याचा आहे ते आधी वाचावे. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक कपाटात न ठेवता गाडीतच ठेवावे. त्यात चित्र काढून दाखवलेले असते.

डोळ्यात काय काय जाते

आता आपल्या भागाचा विचार करा. पाणी दिलेल्या रानातून भरलेली ट्रॉली निघते तेव्हा चाकाला चिकट काळी माती घट्ट बसते. डांबरावर आली की ती ढेकळा-ढेकळाने पडते. सकाळी तिचा चिखल, दुपारी तिचीच धूळ. त्यात फड पेटवला असेल तर करपलेले पाचट उडते, गुऱ्हाळाच्या आणि कारखान्याच्या धुराड्यातून राखेचे काळे कण येतात, प्रेसमडची गाडी सांडत गेलेली असते. सायंकाळी दिव्यांवर झेपावणारे किडे काचेवर फुटतात. उसाच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत एक दिवस गाडी फिरली की काचेवर जो थर बसतो, तो मुंबईच्या गाडीवर आठ दिवसांत बसत नसेल.

हे झाले रस्त्याचे. पण काही अडथळे आपण हौसेने लावतो.

नवी गाडी आली की पूजा. खंडेनवमीला, दसऱ्याला तर हमखास. काचेवर गंधाचे स्वस्तिक, हळद-कुंकवाची बोटे, वर झेंडूचा जाडजूड हार. देवाधर्माला आमची ना नाही, उलट गाडी पुजली जावी असेच आमचे मत. पण स्वस्तिक बॉनेटवर काढावे, कॅमेऱ्याच्या खिडकीवर नाही, आणि हार पूजा झाली की काढून ठेवावा. आरशाला लटकवलेली झुंबरे, माळा, लहान मुलांचे बूट हे कॅमेऱ्याच्या नजरेआड ठेवावेत. तीच गोष्ट लिंबू-मिरचीची. पुढच्या बंपरच्या मध्यावर बांधली तर ती कुठल्या कुठल्या गाडीत नेमकी रडारसमोर येते. नजर लागू नये म्हणून बांधलेल्या लिंबाने गाडीचीच नजर बांधली जाते. बांधायची तर बाजूला बांधा.

जोतिबाची चैत्र यात्रा करून आलेल्या गाडीचे तर विचारूच नका. गुलाल इतका बारीक असतो की तो रबराच्या फटीत, काचेच्या कडेला, मागच्या कॅमेऱ्याच्या खोबणीत जाऊन बसतो. कोरड्या फडक्याने पुसायला गेलात तर पसरतो. भरपूर पाण्यानेच तो जातो.

फास्टॅगचेही असेच. फेब्रुवारी २०२१ पासून तो टोलनाक्यावर सक्तीचा झाला. किणीच्या नाक्यावरून रोज जाणारे आपल्यात कमी नाहीत. तो काचेच्या मध्यावर वरच्या बाजूला चिकटवायचा हे खरे, पण कॅमेऱ्याच्या खिडकीवर नाही. तिच्या बाजूला, काळा पट्टा सोडून. चिकटवणारा पोरगा घाईत असतो, त्याला आपण दाखवून द्यावे. उन्हासाठी काचेच्या वरच्या कडेला रंगीत फिल्म लावणारे आहेत, 'जय जोतिबा'चे मोठे स्टिकर नेमके वर मध्यावर लावणारे आहेत. स्टिकर मागच्या काचेवर छान दिसते.

एक जागा कुणाच्याच लक्षात येत नाही. काचेची आतली बाजू. नव्या गाडीतले प्लास्टिक उन्हाने तापते आणि त्यातून सुटणारी वाफ काचेच्या आतल्या अंगावर तेलकट पापुद्र्यासारखी बसते. त्यात रोज सकाळी गाडीत उदबत्ती लावली की धुराचाही थर चढतो. दिवसा कळत नाही. रात्री समोरून दिव्याचा झोत आला की काच पांढरीफटक दिसते. आपल्याला पांढरी दिसते तशीच कॅमेऱ्यालाही दिसते. कॅमेऱ्याच्या पेटीच्या आतला हा थर मात्र घरी काढण्याच्या भानगडीत पडू नये. ती पेटी उघडली तर कॅमेऱ्याचा कोन हलू शकतो. ते काम सर्व्हिस सेंटरचे.

शेतवस्तीवर किंवा गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांनी दोन जिवांकडे लक्ष ठेवावे. उंदीर-घुशी तारा कुरतडतात, ऊस तुटून रान मोकळे झाले की त्या आसरा शोधत वस्तीकडेच येतात. आणि कुंभारीण माशी. मागच्या कॅमेऱ्याच्या किंवा बंपरच्या खाचेत ती मातीचे घर करून जाते. गाडी आठ दिवस उभी असेल तर निघण्यापूर्वी एक चक्कर मारून बघावे.

माती नसतानाही का म्हणते झाकला?

हा प्रश्न हुशार सभासदांचा. "काच आरशासारखी लख्ख हाय, तरी म्हणतंय झाकला. मग?"

त्यासाठी ही यंत्रणा कशी ओळखते ते थोडे समजून घ्यावे लागेल. कॅमेऱ्याला हात लावून बघता येत नाही की आपल्यावर माती आहे का. तो फक्त चित्र घेतो. गाडी पुढे जाते तसे चित्र बदलायला हवे, झाडे मागे पडायला हवीत, कडा स्पष्ट दिसायला हव्यात. चित्राचा एखादा भाग बदलतच नसेल, किंवा सगळे चित्र सपाट, पांढरे वा काळे दिसत असेल, तर संगणक साधारणपणे असा निष्कर्ष काढतो की समोर काहीतरी आले आहे. त्यामुळे माती, दाट धुके आणि समोरचे ऊन हे तिन्ही त्याला पुष्कळदा एकच वाटतात.

आपल्या रस्त्यांच्या दिशा आठवून बघा. वडगावहून हातकणंगल्याकडे जाणारा रस्ता आग्नेयेकडे जातो आणि हिवाळ्यात सूर्यही आग्नेयेलाच उगवतो. सकाळी सात-साडेसातला तो नेमका काचेत. संध्याकाळी गावातून महामार्गाकडे, म्हणजे पश्चिमेला निघालात की पुन्हा तेच. रोज ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्याला संदेश येतो आणि वळण घेतले की जातो, तर तो उन्हाचा समजावा. वारणाकाठच्या गावांत पहाटेचे धुके असते तेव्हाचेही तसेच. ऊन वर आले, धुके विरले की संदेश आपोआप जातो. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला फोन करण्यात अर्थ नाही.

रात्रीचा प्रकार आणखी वेगळा. पाणंदीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, दिव्याचा खांब नाही, आकाशात चंद्र नाही. ज्या गाड्या कॅमेऱ्यांवरच चालतात त्यांचे बाजूचे कॅमेरे अशा काळोखात 'झाकलो' म्हणून कळवतात. त्यांना काळ्या भिंतीशिवाय काही दिसतच नाही. बिचाऱ्यांचे खोटे नाही.

पट्टे नसलेल्या रस्त्यावर 'पट्टा राखणारी मदत उपलब्ध नाही' असा जो संदेश येतो तोही काही जण झाकल्याचाच समजतात. तो वेगळा. कॅमेरा बघतोय, पण रंगवलेला पट्टाच नाही तर बघणार काय? त्याची तक्रार गाडीच्या कंपनीकडे करून उपयोग नाही.

परंतु ऊन, धुके, धूळ यांनी आलेले आंधळेपण तात्पुरते असते म्हणून ते निरुपद्रवी असते असे कुणी समजू नये. मे २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टेस्लाची एक मोटार स्वयंचालनाची मदत चालू असताना रस्ता ओलांडणाऱ्या लांबलचक ट्रेलरखाली घुसली आणि चालक जागीच गेला. ट्रेलरची बाजू पांढरी, मागे लखलखीत आकाश. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ती पांढरी बाजू ना यंत्रणेला वेगळी दिसली ना चालकाला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने त्याच कंपनीच्या सुमारे २४ लाख गाड्यांतील यंत्रणेची चौकशी सुरू केली. कारण होते चार अपघात, सगळे नजर कमी असताना झालेले. खात्याने त्यासंदर्भात तीन गोष्टींची नावे घेतली: समोरचे ऊन, धुके आणि हवेतली धूळ. त्यातल्या एका अपघातात पायी चालणारी व्यक्ती दगावली.

ऊन, धुके आणि धूळ. अमेरिकेतल्या खात्याने जणू आपल्या गळीत हंगामाचेच वर्णन केले आहे.

मग करायचे काय?

संदेश आला की पहिली गोष्ट, पाय ब्रेकजवळ आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. आता गाडी आपली आहे, तिच्या भरवशावर नाही, हे मनाशी पक्के करावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. पडद्यावरचा संदेश वाचायला दोन सेकंद लागले तर ४४ मीटर गेले, म्हणजे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांसकट अख्खा ट्रॅक्टर मध्ये बसून वर जागा उरेल इतके. म्हणून चालत्या गाडीत संदेश वाचत बसू नये. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबावे आणि मग वाचावा.

थांबल्यावर वायपरची फवारणी करावी. मुख्य कॅमेऱ्याची खिडकी वायपरच्या टप्प्यात येते, ती मुद्दाम तशीच ठेवलेली असते. पुष्कळदा दोन फवाऱ्यांत काम होते. पण टाकीत पाणी असेल तर! आम्ही पाहतो, इंजिन नाही म्हणून बॉनेट उघडायचेच नाही असा विजेच्या गाडीवाल्यांचा समज झालेला दिसतो. फवारणीची टाकी तिथेच असते. हंगामात ती दर आठवड्याला भरावी. बोअरचे क्षारयुक्त पाणी भरू नये. आपल्याकडच्या काही रानांत पाण्याला इतका क्षार आहे की काचेवर पांढरे डाग पडतात, ते मातीपेक्षा चिवट. प्यायचे गाळलेले पाणी घालावे. वायपरचे रबर उन्हाने कडक होऊन चिरले असेल तर ते काच पुसत नाही, माती पसरवते. आणि कोरड्या मातीवर वायपर कधीही फिरवू नये. वाळूचा कण काचेला ओरखडा पाडतो, आणि तो ओरखडा खिडकीसमोर आला तर मग काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

हाताने पुसायचे तर आधी पाणी ओतावे, माती भिजू द्यावी, मग मऊ स्वच्छ फडक्याने हलके टिपावे. बाजूच्या व मागच्या कॅमेऱ्यांनाही हाच नियम. गोठ्यातले पोते, रॉकेल, डिझेल, भांडी घासायची पावडर यांना गाडीजवळ फिरकू देऊ नये. धुण्याच्या सेंटरवर जोराच्या पाण्याची नळी कॅमेऱ्यावर जवळून मारू देऊ नये, हातभर तरी अंतर ठेवायला सांगावे. पुढचा बंपर व जाळी धुताना चिखलाचा थर पूर्ण निघाला ना ते पाहावे. रडार धुळीतून पाहू शकते म्हणून लोक त्याला विसरतात, पण ओल्या चिखलाच्या जाड थरातून त्यालाही धड दिसत नाही.

काच आतून धुकट असेल तर एसीचा झोत पुढच्या काचेवर सोडावा आणि काही मिनिटे वाट पाहावी. बॅटरी उतरेल म्हणून पहाटेच्या गारठ्यात एसी न लावणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. दोन-चार मिनिटांच्या एसीने कोल्हापूर गाठता येत नाही अशी गाडी असेल, तर ती मुळात आदल्या रात्री चार्जच केलेली नाही.

पुसून झाले की गाडी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी आणि चांगल्या उजेडात, सरळ रस्त्याला थोडे अंतर चालवावी. यंत्रणा स्वतःची तपासणी करून घेते, त्याला थोडा वेळ लागतो. लगेच संदेश गेला नाही म्हणून परत घासायला बसू नये.

एवढे करूनही स्वच्छ दिवसा, ऊन पाठीशी असताना संदेश कायम राहिला तर मात्र तो बिघाड धरावा. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर साफ करूनही धूर काळा येतो तेव्हा आपण पंपाकडे वळतो, तसेच हे. त्यात एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. विजेच्या मोटारीतही साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती कमजोर झाली की पडद्यावर भलभलते संदेश येऊ लागतात. मोठी बॅटरी भरलेली आहे म्हणून छोटीही ठीक असेल असे नसते.

काच बदलली असेल तर

या मुद्द्यावर आम्ही जरा थांबतो, कारण इथे पैसा वाचवण्याच्या नादात जीव धोक्यात जातो.

खडीच्या ट्रकमागे गाडी होती, दगड उडाला, काच तडकली. कुणीतरी सांगते, अमक्या गॅरेजमध्ये निम्म्या पैशात काच बसवून मिळते. बसवतात, वरून दिसायला तशीच दिसते. पण कॅमेरा त्या काचेला टेकून बसलेला असतो. काचेची जाडी, तिचा उतार, कॅमेऱ्याच्या खिडकीची शुद्धता यात थोडा फरक पडला की कॅमेरा वेगळीकडे बघू लागतो. फरक फक्त एक अंशाचा धरा. शंभर मीटरवर तो पावणेदोन मीटरचा होतो. महामार्गाचा एक पट्टा साडेतीन मीटरचा. म्हणजे पुढची ट्रॉली आपल्या पट्ट्यात आहे की शेजारच्या, याचाच घोटाळा. आणि पंचाईत अशी की इतक्या बारीक फरकाचा संदेश पडद्यावर येईलच असे नाही. झाकलेला कॅमेरा निदान सांगतो की मला दिसत नाही. तिरका बसलेला कॅमेरा सांगतो की सगळे व्यवस्थित दिसते आहे.

म्हणून काच बदलली, बंपरला डेंटिंग-पेंटिंग केले, की कॅमेऱ्याचे आणि रडारचे 'कॅलिब्रेशन' करून घ्यावे. यात समोर ठरावीक अंतरावर खुणांचा फलक ठेवून, किंवा पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून, किंवा दोन्ही करून कॅमेऱ्याला त्याची दिशा पुन्हा शिकवतात. झाले म्हणून तोंडी सांगितले तर ऐकू नये, कागद मागावा. विम्यातून काच बदलत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च त्यात धरला आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता ट्रॉलीवाल्यांसाठी

इथपर्यंत मोटारवाल्यांची कानउघाडणी झाली. आता आमच्या स्वतःच्या घरातले बोलू.

समजा, कॅमेरा लख्ख पुसला आहे, चालक सावध आहे, काच कंपनीची आहे. समोर रात्रीच्या वेळी जी ट्रॉली चालली आहे तिला मागचा दिवा नाही. तांबडे रिफ्लेक्टर लावले होते, पण एकावर चिखलाचा थर आहे आणि दुसऱ्यावर ऊस लोंबतो आहे. मोटारीचा संगणक मागून दिसणारी वाहने ओळखायला शिकलेला असतो ती दिव्यांच्या जोडीवरून, चाकांवरून, पाठीच्या चौकोनावरून. आपल्या ट्रॉलीची पाठ कशी दिसते? काळोखात मोळीच्या टोकांचा एक करडा ढीग, खालून चाके झाकलेली, कडा कुठे संपतात ते कळत नाही. माणसाचाही डोळा फसतो, वर्षानुवर्षे फसत आला आहे. मोटारसायकलवाले मागून धडकून गेलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. यंत्राला ती नक्की ओळखता येईल, असे गृहीत धरण्याचा हक्क आपल्याला नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक तांबडा रिफ्लेक्टर असलाच पाहिजे. हंगामाच्या तोंडावर परिवहन खाते आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर व चमकणाऱ्या पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात, फोटो निघतात. पण पहिल्याच ओल्या फडातून ट्रॉली बाहेर आली की पट्टी मातीखाली जाते आणि मार्चपर्यंत मातीखालीच राहते. लावलेली पट्टी आणि दिसणारी पट्टी यात फरक आहे. मोटारवाल्याने कॅमेरा पुसायचा आणि आपण रिफ्लेक्टर पुसायचा नाही, हा कुठला न्याय?

फड सोडून डांबरावर चढण्यापूर्वी एक मिनिट थांबावे. पाटात बादली बुडवावी, मागच्या फळीवर पाणी मारावे, फडक्याने दोन्ही रिफ्लेक्टर आणि पट्टी पुसावी. मागे लोंबणारा ऊस आत सारून आवळावा, नाही सरकला तर कोयत्याने टोके छाटावीत. दीड-दोन किलो उसासाठी पट्टी झाकू नये. वाढ्यांच्या पेंढ्या मागे लटकवण्याची सवय टोळीवाल्यांना असते, त्यांना त्या वर किंवा बाजूला बांधायला सांगावे. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीची पट्टी महत्त्वाची, कारण मागून येणाऱ्याला तीच दिसते. पट्टी लावतानाच ती फळीच्या अशा उंचीवर लावावी की जिथे चाकाचा चिखल पोचत नाही आणि वरून ऊसही येत नाही. बैलगाडीला दिवा नसतो. तिच्या मागच्या साट्याला हातभर पट्टी ठोकली तरी खूप दुरून चमकते.

चाकाची मातीही डांबरावर येण्यापूर्वी जमेल तेवढी फावड्याने काढावी. हे सांगताना आम्हाला कल्पना आहे की तोडीच्या घाईत हे कुणाला सुचत नाही. ट्रॅक्टरवाल्याला खेप मारायची असते, टोळीला दुसरा फड गाठायचा असतो. तरी निदान जिथे शेत थेट मोठ्या रस्त्याला लागून आहे, तिथे बांधावरून चढताना पाचट टाकून घेतले तर अर्धी माती पाचटालाच पुसली जाते.

राहता राहिला पंक्चर ट्रॉलीचा विषय. रात्री रस्त्यात ट्रॉली बसली की चाकामागे दगड लावतात आणि ड्रायव्हर जॅक आणायला जातो. दिवा नाही, माणूस नाही. अशा वेळी एकाने मागे पन्नास-साठ पावलांवर बॅटरी घेऊन उभे राहावे, निदान पानांसकट फांद्या आणि तांबडे फडके टाकावे. चाक बसवून ट्रॉली हलली की दगड उचलून शेताच्या बाजूला टाकावेत. रस्त्याच्या मध्यावर राहिलेला दगड, कॅमेरा कितीही स्वच्छ असला तरी, त्याला ओळखता येईलच असे नाही.